बापाचा हात

म्हातारीने पलवशाच्या डोक्यावरची शाल काढून घेतली. घाईने नाही, रागाने नाही. दोन्ही हातांनी उचलली, मांडीवर घेतली आणि तिची घडी घालायला लागली. तासाभरापूर्वी तिनेच ती शाल आपल्या हाताने पोरीच्या डोक्यावर घातली होती. म्हातारीने काठाला काठ जुळवून चार घड्या घातल्या, वरून हात फिरवला आणि शाल पिशवीत ठेवली.

मग खानभाई उठले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, निदान दार दाखवणार. घर त्याचं, मुलगी त्याची, जातीचा पठाण. ते सोफ्यावरून उठले आणि खाली फरशीवर जाऊन बसले. दाराजवळ, पाय पुसायच्या चटईशेजारी. कोणी खाली बस म्हटलं नव्हतं. त्रेसष्ट वर्षांचा सहा फुटी माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावरून उतरून पायपुसण्याशेजारी बसला आणि खाली बघायला लागला.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. माणसं मरताना पाहिली आहेत, भावाभावांच्या मारामाऱ्या पाहिल्या आहेत. असं पाहिलं नव्हतं. आणि हे झालं होतं माझ्या तोंडामुळे.

खानभाई इथे सिंगापुरात, बिशानला, आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात. आम्ही सहाव्या मजल्यावर, ते सातव्या. माझा मुलगा संजय जहाजावर इंजिनिअर आहे, सहा सहा महिने समुद्रात असतो. सून मेघना ऑफिसला जाते. आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा संजयने आम्हा दोघांना साताऱ्याकडून उचलून इथे आणलं. मी चौथी शिकलेली. लिफ्टमधले आकडे वाचता येत होते, बाकी काही कळत नव्हतं.

त्या लिफ्टमध्येच खानभाई पहिल्यांदा भेटले. पांढरी मिशी, दारातून वाकून यावं लागेल अशी उंची. मी विचारलं, कुठले? म्हणाले, पेशावरच्या पलीकडचे, पठाण. मी हातातली भाजीची पिशवी पोटाशी धरली. लहानपणी आमची आई पठाणाचं नाव घेऊन आम्हाला जेवायला बसवायची, ते अंगात राहिलेलं. त्यांनी पिशवीकडे बघितलं आणि मोठ्याने हसले.

"डरिए बहेनजी, डरिए. अच्छा है."

त्यांचं हिंदी मोडकं आणि माझं त्याहून मोडकं, म्हणून पुढचं सगळं मी आपल्या भाषेत लिहिते.

लोक घाबरले की त्यांना बरं वाटायचं, हे मी तेव्हापासून बघत आले. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, त्यांच्या शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहायची. एकदा आम्ही बरोबर होतो, मी, ते आणि त्यांची मुलगी. खानभाई फोनवर त्यांच्या भाषेत गावाकडे बोलत होते. समोरच्या बाईने पोराला ओढून दुसऱ्या टोकाला नेलं. पलवशा लाल झाली. ही मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ऑफिसात काम करते.

"पापा, हळू बोल लाह! ते तुला टेररिस्ट समजतात."

"समजू दे. घाबरतात म्हणजे पठाण समजतात."

"दॅट्स नॉट अ कॉम्प्लिमेंट, पापा."

"तुला नाही कळायचं," असं म्हणून ते मिशीवर हात फिरवून पुन्हा फोनवर सुरू झाले, आणखी मोठ्याने. मलाही नाही कळलं तेव्हा. मला वाटलं, माणूस आडमुठा आहे.

शिपयार्डात ते तीस वर्षं वेल्डर होते. बायको जाऊन पंचवीस वर्षं झाली. मुलीला एकट्याने वाढवलं आणि तिला एकच गोष्ट शिकवली: आपण पठाण, पठाण कुणापुढे वाकत नाही. ती लहान असताना शाळेत कोणी चिडवलं की हेच. परीक्षेत मार्क कमी पडले की हेच. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधला कॉफीवाला चिनी म्हातारा त्यांना "खान, खान" हाक मारायचा, तेव्हा ते जागेवरच थोडे उंच व्हायचे.

पण काही सवयी ह्याला जुळत नव्हत्या. आमच्या घरी आले की खुर्चीवर पटकन बसायचे नाहीत. दोनदा सांगावं लागायचं, मग टेकायचे, तेही अर्धेच. आणि ब्लॉकमध्ये कोणाचं लग्न असलं की ते आचाऱ्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे. आमच्या ब्लॉकच्या तळाशी खांबांची मोकळी जागा आहे, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथेच लग्नाची पंगत बसते आणि तिथेच मयतही ठेवतात. एका मलाय शेजाऱ्यांच्या लग्नात भाताचं मोठं पातेलं चढलं होतं. खानभाईंनी झाकणाजवळ कान नेला, आचाऱ्याला म्हणाले, आता उतरव. आचारी म्हणाला, अंकल, अजून दहा मिनिटं. खानभाईंनी डोकं हलवलं. दहा मिनिटांनी भात खालून लागला होता. मी विचारलं, ऐकू काय येतं? म्हणाले, "पाणी संपलं की भात गप्प होतो."

पाचव्या मजल्यावरची चिनी म्हातारी वारली, तेव्हा घरच्यांनी लिफ्टशेजारी कागद लावला होता. खानभाई तरी बाराच्या बारा मजले चढले आणि प्रत्येक दार वाजवून सांगून आले. निम्म्या लोकांनी दाराची जाळीसुद्धा उघडली नाही. मी म्हटलं, कागद होता की. ते म्हणाले, "कागद सगळ्यांना सांगतो, बहेनजी, कुणा एकाला सांगत नाही. मेल्याची खबर माणसाने द्यायची असते, दारात उभं राहून."

आता ह्या सगळ्याचा अर्थ मला लागायला हवा होता. दुसऱ्या कोणाला नाही, मला. माझा बाप गावचा न्हावी होता. हजामती तो करायचा, लग्नाची बोलावणी तो फिरवायचा, वरातीपुढे मशाल तो धरायचा, आणि पाटलाच्या घरी ओट्याच्या वर त्याला जागा नव्हती. मी त्याची धोकटी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे फिरलेली मुलगी. पण माणूस पठाण म्हटला की आपल्या डोळ्यापुढे दुसरंच चित्र उभं राहतं.

ह्यांची उजवी बाजू गेली होती, दाढी माझ्याकडे आली. साबण फासून मी त्या प्लॅस्टिकच्या रेझरने खरवडायची. एकदा हनुवटी कापली, कापूस चिकटवला. व्हीलचेअरवर त्यांना खाली नेताना खानभाईंनी तो कापूस बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं. ते उघडलं तर आत वस्तरा.

"गरम पाणी द्या," म्हणाले. "आणि एक टॉवेल."

त्यांनी टॉवेल पिळून ह्यांच्या तोंडावर ठेवला. ब्रशने फेस केला. वस्तऱ्याची धार अंगठ्याच्या नखावर बघितली. डाव्या अंगठ्याने गाल ताणला, नाकाचा शेंडा दोन बोटांनी उचलला आणि ओठावरचा भाग दोन फटक्यांत साफ. मनगट हलत होतं, हात हलत नव्हता. शेवटी तुरटी. आमचे हे बोलू शकत नव्हते, पण डोळे मिटून पडून राहिले. तसे ते माझ्या हाताखाली कधी पडले नव्हते.

मी विचारलं, कुठे शिकलात? म्हणाले, शिपयार्डच्या खोल्यांत, एकमेकांची करायचो. ते खोटं होतं हे मला तिथल्या तिथे कळलं. तो हात मोठेपणी बसलेला नव्हता. मी म्हटलं, "माझा बाप न्हावी होता. मला हात कळतो." त्यांचं वस्तरा पुसणं थांबलं. मग "अच्छा" म्हणाले आणि गेले.

त्यानंतर रोज दहाला यायचे, आणि रोज एक प्रश्न विचारायचे, माझ्याकडे न बघता. तुमच्या वडिलांकडे किती घरं होती? त्यांना नावाने हाक मारायचे की धंद्याने? बसायला कुठे द्यायचे?

मी सांगितलं, ओटा. घरात नाही.

"ओटा," ते म्हणाले. "म्हणजे जमिनीपेक्षा वर."

मला वाटलं, पठाणाला आपल्याकडच्या रीतींची मजा वाटते. मी मोठ्या उत्साहाने सांगत राहिले.

आता मेघनाचं सांगते. मला इथे आल्या आल्या तिने बजावलं होतं, "आई, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बाबा काय करायचे, आजोबा काय करायचे, असं कोणी विचारलं तर शेती सांगा." मी म्हटलं, का? म्हणाली, "लोक बोलत नाहीत, पण बघतात." मी तिथे गप्प बसते. आपली माणसं मला माहीत आहेत. सिंगापूरला आली म्हणून बदलली नाहीत. पण मला वाटायचं, हे आपलंच आहे. मुसलमानांत हे नसतं, पठाणांत तर नसतंच, ते सगळे एका ताटात जेवतात. शाळा चौथीपर्यंत झाली म्हणून चुकले असं म्हणणार नाही. मेघना दोन पदव्या घेऊन बसली आहे, तिलाही असंच वाटत होतं.

पलवशाच्या ऑफिसात एक मुलगा होता, अर्सलान. तोही पठाण, घरचे जमीनदार, बुकित तिमाहच्या महागड्या वस्तीत कॉन्डोत राहणारे. दोन वर्षं दोघं बरोबर फिरत होते. एका रविवारी दुपारी तो, त्याची आई आणि गावाहून आलेली आजी शाल आणि अंगठी घेऊन आले. खानभाईंनी सकाळपासून स्वतः पुलाव रांधला होता. नवा पांढरा सलवार-कमीज घातला होता. मला म्हणाले, "बहेनजी, आमच्याकडून बाईमाणूस कोणी नाही. तुम्ही या." मी जरीची साडी नेसून गेले. आईच्या जागी बसले.

आजी नव्वदीची, हिंदी येत नसलेली. ती बसल्यापासून खानभाईंना त्यांच्या भाषेत काहीतरी विचारत होती, आणि ते थोडक्यात उत्तरं देत होते. पलवशाने मला नंतर सांगितलं, ती गाव विचारत होती, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारत होती. खानभाईंनी शेजारच्या गावाचं नाव सांगितलं होतं. तरी शाल घातली गेली, म्हणजे लग्न ठरलं. पुलाव वाढला गेला. आजीने दोनदा घेतला.

मग अर्सलानच्या आईने मला गोड आवाजात विचारलं, "आप इनको कैसे जानती हैं?"

मला त्या माणसाचं कौतुक करायचं होतं. मुलीच्या बापाची बाजू वजनदार करायची होती. मी म्हणाले, "रोज सुबह मेरे आदमी की हजामत करते हैं. मेरा बाप नाई था, मैं हाथ पहचानती हूँ. ऐसा हाथ सीखके नहीं आता. ये बाप का हाथ है, खानदानी."

माझ्या घरात ह्याहून मोठी स्तुती नव्हती.

आईचं हसू तोंडावरच राहिलं. आजीला माझ्या बोलण्यातला एक शब्द कळला, तो त्यांच्याकडेही तोच आहे. "नाई?" ती म्हणाली. मग तिने ताटातल्या पुलावाकडे बघितलं. मग खानभाईंना एकच प्रश्न विचारला. पलवशाने तो मला नंतर सांगितला: तू कोणाचा?

खानभाईंनी बापाचं नाव सांगितलं.

म्हातारीने ताट खाली ठेवलं. म्हणाली, "माझ्या लग्नातला भात त्याने शिजवला होता." आणि शालीला हात घातला.

पुढचं मी सुरुवातीला लिहिलं आहे. एवढंच राहिलं की अर्सलान सोफ्यावर बसून होता. खानभाई त्याच्या शेजारून उठून खाली गेले, तरी तो उठला नाही. फोन उलटा सुलटा करत होता. ते लोक गेले तेव्हा बाहेर पडायला त्यांना खानभाईंच्या बाजूने वाट काढावी लागली, आणि म्हातारीने जाताना कमीज उचलून धरली, चिखलातून जावं तशी.

मी खाली आले. त्या रात्री जेवले नाही, हे सांगण्यासारखं नाही, पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी दहा वाजायला आले तेव्हा आमचे हे घड्याळाकडे बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, येणार नाहीत. आता मीच करीन. दहाला दार वाजलं.

मी म्हटलं, "माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं."

"पाणी गरम आहे?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सगळी दाढी केली. मग वस्तरा धुताना नळाकडे बघत बोलले. त्यांच्या गावात न्हावी हजामत करतो, सुंता करतो, लग्नात रांधतो, मेल्याची खबर घेऊन गावोगाव जातो. त्यांचीच भाषा बोलतो, त्यांच्यासारखंच पागोटं बांधतो, पण त्याला कोणी पठाण म्हणत नाही. हुजरा म्हणून पुरुषांची बसायची जागा असते. तिथे सगळे खाटांवर, न्हावी खाली. बापाबरोबर ते आठव्या वर्षापासून जायचे. विसाव्या वर्षी जहाज पकडलं. कागदावर कोणीतरी नावापुढे खान लिहिलं, ते त्यांनी खोडलं नाही.

मी विचारलं, "मग म्हातारीपुढे दुसरं नाव का नाही सांगितलंत? गाव तर खोटं सांगितलं होतं."

"गाव खोटं सांगता येतं. खान लावता येतं. बाप दुसरा कसा सांगू?"

"आणि खाली का बसलात?"

त्यांनी नळ बंद केला. "मला माहीत नाही. ती बोलली आणि पाय आपोआप गेले. बसल्यावर कळलं की मी खाली बसलोय."

पलवशा त्याच आठवड्यात आली. मला वाटलं, माझ्याशी भांडायला. मी म्हटलं, बोल, मी ऐकून घेते. ती म्हणाली, "आजी, न्हावी तर न्हावी, सो व्हॉट? मला त्याचं काही नाही. पण तीस वर्षं मला सांगितलं, पठाण वाकत नाही. आणि तो फ्लोअरवर बसला. माझ्यासमोर. हाऊ कॅन?"

अर्सलानने तिला मेसेज केला होता, आजी गावाला परत गेली की बघू. तिने उत्तर दिलं नाही. मला म्हणाली, "तो उठलासुद्धा नाही." टॅम्पिनीसला एक खोली घेऊन ती राहायला गेली. बापाचा फोन उचलायची नाही. खानभाई रोज दहाला यायचे, दाढी करायचे, जायचे. एमआरटीत आता फोन आला तर हळू बोलायचे. लोक शेजारी बसायला लागले होते.

चार महिन्यांनी आमचे हे गेले. संजय दुसऱ्या दिवशी जहाजावरून पोचला. सकाळी खाली व्हॉइड डेकमध्ये सगळे जमले. मंडळाची वीस-पंचवीस माणसं, मेघनाच्या ऑफिसची माणसं. गुरुजी म्हणाले, मुलाने क्षौर करायला हवं. संजयने दुकानातून केस कापायचं मशीन आणलं होतं, त्याचं चार्जिंगच नव्हतं. लोक फोनवर सलून शोधायला लागले. तेवढ्यात खानभाई लिफ्टमधून बाहेर आले. आज चष्म्याचं घर नव्हतं. उघडा वस्तरा, ब्रश आणि वाटी हातात घेऊन सगळ्यांच्या मधून चालत आले. संजयला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या डोक्यावर पाणी चोळायला लागले.

मंडळातले एक गृहस्थ कौतुकाने बघत होते. म्हणाले, "अरे खानसाब! आप तो पठान हो ना? ये कैसे आता है?"

खांबाजवळ पलवशा उभी होती. तिला मीच कळवलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. खानभाईंनी तिला बघितलं. वस्तरा नखावर टेकवला.

"नाई हूँ," ते म्हणाले. "मेरा बाप नाई था."

मेघना माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "माझाही. ह्या संजयचा आजा." मोठ्याने म्हणाले, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं.

खानभाईंनी पाठ ताठ ठेवून, उभ्याने, डोकं पूर्ण केलं. कुठे एक थेंब रक्त नाही. त्यांच्या हातांना केस चिकटले होते, टॉवेल वर घरी राहिला होता. ते इकडे तिकडे बघत होते. पलवशा खांबापासून आली. पर्समधून टिशूचं पाकीट काढलं, एक कागद ओढला आणि बापाची बोटं एकेक करून पुसली. पुसून झाल्यावर बसस्टॉपकडे गेली. महिन्यातून एखाद्या रविवारी येते आता.

त्या माणसाचं नाव गुलजमान. बापाचं नाव रहमत, धंदा हजामतीचा आणि रांधण्याचा. तीस वर्षं सिंगापूरच्या शिपयार्डात वेल्डर होता. बिशानला आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्या रविवारी सोफ्यावरून उठून फरशीवर जो बसला, तो हा.